किल्ली फिरवण्याआधी

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरातील भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'खालून मार लागलेली गाडी चालू होत नाही तेव्हा' असं छापलेलं वाचून सकाळपासून तिघीचौघींनी मला विचारलं, "छापताना काही घोटाळा झालाय का गं?" घोटाळा काही नाही. पोटगी, समुपदेशन, पोलीस ठाण्यातला पाठपुरावा या विषयांच्या रांगेत हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. का, ते आधी सांगते.

आपण जिथे काम करतो तिथले शेवटचे आठ-दहा किलोमीटर म्हणजे रस्ता असा नसतोच. कुठे रुंदीकरणासाठी उकरून ठेवलेला, कुठे पावसात मोरी वाहून गेलेली, कुठे हौसेने घातलेला गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे चांगला पसरट असायला हवा. आपल्याकडचे मात्र शेताच्या बांधासारखे ताठ उभे असतात. त्यात आपली गाडी कशी भरलेली असते ते तुम्हाला ठाऊक आहे. पाच जणींच्या गाडीत सात जणी, वर पत्रकांचे गठ्ठे, सतरंजी, मांडीवर कुणाचं तरी लेकरू. भरलेली गाडी खाली बसते, आणि मग एका जागी 'धाड' असा आवाज येतो. सगळ्याजणी एकदम गप्प होतात. गाडी थोडी पुढे जाऊन बंद पडते, आणि परत चालू होत नाही.

२००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा झाला. संरक्षण अधिकारी आले. १८१ ही हेल्पलाइन आली. २०१५ पासून 'सखी' वन स्टॉप सेंटर सुरू झाली. हे सगळं आपल्या चळवळीने भांडून मिळवलं आहे. पण रात्री अकरा वाजता एखादीचा निरोप येतो, 'आत्ता या, नाहीतर उद्या मी नसेन', तेव्हा तिच्यापर्यंत पोचायला आणि तिला घेऊन निघायला गाडीच लागते. ती गाडी अंधारात बंद पडली तर तो निव्वळ यंत्राचा प्रश्न उरत नाही.

आपल्यातल्या कितीतरी जणी आता गाडी चालवतात. वीस वर्षांपूर्वी असं नव्हतं. स्टिअरिंग आपल्या हाती आलं, बॉनेट मात्र अजून पुरुषांच्याच ताब्यात आहे. गाडी बंद पडली की आपण काय करतो? किल्ली फिरवत राहतो. मग फोन करतो. मग रस्त्याने जाणारा कुणी थांबतो, आणि त्या क्षणापासून निर्णय त्याचे होतात. "ढकला", "सेल्फ मारत राहा", "माझ्या गाडीत बसा". तो भला माणूस असतोही. पण तो कोण हे आपल्याला माहीत नसतं, आणि मागच्या सीटवर कोण बसली आहे हे त्याला कळणं कधीकधी धोक्याचं असतं.

एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला केसवर्क शिकवलं, गटकार्य शिकवलं, समुदाय संघटन शिकवलं. बॉनेट कसं उघडायचं ते कुणी शिकवलं नाही. तसं ते घरीही शिकवलं नाही. माझ्या भावाला शिकवलं.

यंत्र हे बायकांचं काम नव्हे, असं ज्यांना अजून वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. जर्मनीत कार्ल बेंझने पेट्रोलवर चालणारी गाडी बनवली, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्याच्या धंद्यात लग्नाआधीच पैसा घातला तो बेर्टाने, तिच्या वाट्याच्या हुंड्यातून. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ती नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून निघाली आणि मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरांहून जास्त लांब, माहेरी पोचली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. एका तारेचं आवरण गेलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांना कातडं ठोकून घेतलं. गाडीचा पहिला लांबचा प्रवास बाईने केला आणि वाटेतली दुरुस्तीही तिनेच केली. तेव्हा हे काम आपल्याला नवीन नाही, आपल्यापासून काढून घेतलेलं आहे.

आता कामाचं बोलू. गाडीच्या पोटाखाली काय असतं, हे आधी डोळ्यांसमोर आणा. पुढे इंजिनखाली ऑइल साठवणारं भांडं असतं, गॅरेजवाले त्याला चेंबर म्हणतात. त्याच्याजवळ गिअरबॉक्स. अगदी पुढे रेडिएटरचा खालचा भाग. पुष्कळ गाड्यांत इंजिन फिरवणारी सेल्फची मोटर आणि तिच्या वायरी खालच्या बाजूलाच असतात. मध्ये लांबच लांब सायलेन्सरचा पाइप, आणि त्याच्या आसपास इंधनाच्या आणि ब्रेकच्या बारीक नळ्या. मागे इंधनाची टाकी. दगड यातल्या कशालाही लागू शकतो. म्हणून 'गाडी चालू होत नाही' हे एकच दुखणं नाही. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या बाईला आपण लगेच गोळी देत नाही, आधी विचारतो. तसंच इथे.

क्रम लक्षात ठेवा: नाक, डोळे, कान आणि शेवटी हात. किल्ली तिसऱ्या पायरीला येते. पहिल्या दोन पायऱ्या न चुकवता करायच्या.

सुरुवातीला गाडी शक्य तितकी रस्त्याच्या कडेला, सपाट जागी घ्या. हँडब्रेक ओढा, किल्ली काढून स्वतःजवळ ठेवा, चाकांना दगड लावा, इशाऱ्याचा त्रिकोण मागे ठेवा. लेकरांना गाडीपासून दूर, रस्त्याच्या आतल्या बाजूला बसवा. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कुणीही शिरायचं नाही. कितीही घाई असली तरी नाही.

नाक. पेट्रोलचा वास येतोय का? येत असेल तर किल्लीला हात लावू नका, आणि मदतीला आलेल्यांपैकी कुणी बिडी पेटवत नाही ना, ते बघा. गाडी सीएनजीवरची असेल आणि गॅसचा वास येत असेल, तर जमल्यास टाकीचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा आणि सगळ्यांना घेऊन लांब व्हा. अशी गाडी आपण दुरुस्त करायची नाही. डिझेलचा वास आला तर तो कुठून येतोय ते शोधा. गोडसर वास आला तर रेडिएटरचं पाणी म्हणजे कूलंट सांडलं आहे.

डोळे. टॉर्च आणि हाताचा आरसा घ्या. १९०९ साली डोरोथी लेविट या इंग्रज मोटारचालक बाईने बायकांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिलं. त्यात मागचा रस्ता बघायला हातआरसा जवळ ठेवा, असा सल्ला तिने दिला होता. आपण तोच आरसा गाडीखाली सरकवायचा. मोबाइलने फोटो काढून बघितलं तरी चालेल. जमिनीवर काय ठिबकतंय? काळपट, चिकट असेल तर इंजिनचं ऑइल. हिरवं किंवा गुलाबी असेल तर कूलंट. पातळ, पिवळसर आणि चाकाजवळ असेल तर ब्रेकचं ऑइल असू शकतं. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, घाबरू नका. लोंबणारी वायर, चेपलेला पाइप, ओली नळी, जे दिसेल ते लक्षात ठेवा.

मग बॉनेट उघडा आणि ऑइलची पट्टी काढा. पाच मिनिटं थांबून, पुसून, परत घालून बघायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असेल तर ठीक. खालच्या खुणेच्याही खाली असेल आणि चेंबरखाली ठिबकत असेल, तर गाडी चालू करायची नाही. चालू होत असली तरी नाही. ऑइलशिवाय इंजिन काही मिनिटांत जाम होतं आणि काही हजारांचं काम लाखाच्या घरात जातं. ब्रेकचं पेडल दाबून बघा. ते दाबताच खाली बसत असेल, तर गाडी जागची हलवू नका.

हे सगळं ठीक असेल तर कान. आता किल्ली लावा. आधी अर्धीच फिरवा, डॅशबोर्डवरचे दिवे बघा. यावेळी ऑइलचा लाल दिवा लागतोच, त्याने दचकू नका. इंजिन चालू झाल्यावर तो विझायला हवा. नवीन गाड्यांत किल्लीच्या चित्राचा दिवा चमकत राहिला, तर गाडी किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली असेल तर ती लावून बघा.

पूर्ण फिरवल्यावर चारपैकी एक काहीतरी होईल.

एक, काहीच आवाज नाही किंवा नुसतं 'टक्'. हेडलाइट लावून परत किल्ली फिरवा. दिवे मंद झाले तर बॅटरी किंवा तिची जोडणी. हादऱ्याने जुनं, पांढरी बुरशी धरलेलं टर्मिनल सैल होतं. हाताने हलवून बघा आणि पान्याने आवळा. इंजिनपासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची जाड वायर तुटली असेल तरी असंच होतं. दिवे लख्ख असून सेल्फ गप्प असेल, तर सेल्फच्या वायरीला मार लागला असण्याची शक्यता मोठी. ऑइल, इंधन, ब्रेक काहीच गळत नसेल, तर अशी साध्या गिअरची गाडी ढकलून चालू होऊ शकते.

दोन, इंजिन फिरतंय पण धरत नाही. इथे ढकलून काही उपयोग नाही, कारण फिरवण्याचं काम सेल्फ करतोच आहे. इंधन पोचत नाही किंवा इंजिनला कुठला तरी संदेश मिळत नाही. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत किल्ली अर्धी फिरवून मागच्या सीटजवळ कान द्या. दोन-तीन सेकंद पंपाची घूं ऐकू यायला हवी. आली नाही तर फ्यूज बघा. काही गाड्यांत जोराचा धक्का बसला की इंधन आपोआप तोडणारा खटका असतो. तो कुठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. गळती नाही याची खात्री करून मगच त्याचं बटण दाबायचं. पंप चालतोय, गळती नाही, तरी इंजिन धरत नाही, तर इंजिनच्या फिरण्याची खबर देणारा, खालच्या बाजूला बसवलेला सेन्सर किंवा त्याची वायर गेली असेल. ते मेकॅनिकचं काम.

तीन, चालू होते आणि घुसमटून बंद पडते. सायलेन्सरचा पाइप चेपला आहे का बघा. धूर बाहेर पडायला वाट नसेल तर इंजिन चालणार कसं? इंधनाची नळी चेपली तरी असंच होतं. सायलेन्सर तापलेला असतो, हात लावू नका. लोंबत असेल तर तारेने बांधा, दोरी किंवा ओढणीने नको, ती जळते.

चार, चालू झाली, पण ऑइलचा दिवा विझत नाही किंवा खालून खडखड येते. लगेच बंद करा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट तरी थांबा. बॅटरी ही आपली रात्रीची शिदोरी आहे, ती किल्ली फिरवण्यात संपवायची नाही.

विजेच्या गाड्यांचं वेगळं सांगते, कारण त्या आता आपल्याही वापरात येताहेत. त्यांची मोठी बॅटरी नेमकी पोटाखालीच असते. मार लागल्यावर धूर, फुसफुस किंवा विचित्र वास आला, तर सगळ्यांनी उतरून लांब जायचं आणि ११२ ला फोन करायचा. केशरी वायरींना कधीही हात लावायचा नाही. अशी गाडी चालू झाली तरी चालवायची नाही.

शेवटची पायरी हात. त्याचं एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी मोखाड्याकडून त्र्यंबकेश्वरच्या दिशेने रात्री आम्ही येत होतो. जुनी डिझेल जीप, चालवणारी आमची एक सहकारी. मागे एक बाई आणि तिची दोन मुलं. तिचे दीर मोटारसायकलींवरून तिला शोधत फिरत होते, हे आम्हाला फोनवर कळलं होतं. खोदलेल्या रस्त्यावर खालून दगड लागला. जीपने हळूहळू दम सोडला आणि बंद पडली.

माझी सहकारी खाली उतरली, किल्ली खिशात टाकली, वाकली. डिझेलचा वास होता. आरशात चेंबर कोरडं दिसलं. पट्टीवर ऑइल बरोबर होतं. पुढे इंधनाची रबरी नळी लोखंडी नळीवरून निम्मी निसटली होती, तिथून थेंब पडत होते. तेवढ्यात दोघेजण मोटारसायकल थांबवून आले. कुठून आलात, मागे कोण आहे, सेल्फ मारा, ढकलून देतो. त्यांच्याशी बोलणं हे माझं काम होतं. "मीटिंगहून येतोय, आमची दुसरी गाडी मागून येतेच आहे," एवढंच मी सांगत राहिले. मागच्या सीटवर बाई डोक्यावरून चादर घेऊन बसली होती.

नळी परत बसवून क्लिप आवळली, पण एवढ्याने डिझेल गाडी चालू होत नाही. नळीत हवा शिरलेली असते. फिल्टरजवळचा छोटा हातपंप मारून, स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढावी लागते. तिने ती काढली. दुसऱ्या किल्लीला इंजिन लागलं. सगळे मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं. बॅटरी सेल्फ मारून उतरवली असती, तर एअर काढूनही आम्ही तिथेच बसलो असतो.

ती बाई आज तिच्या पायावर उभी आहे. हे मी गाडीचं श्रेय म्हणून सांगत नाही, श्रेय तिचं आहे. पण त्या रात्री चाळीस मिनिटांऐवजी चार तास लागले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळदा करते.

प्रत्येक वेळी गाडी अशी चालू होणार नाही. चेंबर फुटलं, ब्रेक गेला, पेट्रोल गळतंय, अशा वेळी योग्य निदान म्हणजेच 'इथून पुढे ही गाडी जाणार नाही' हे पाच मिनिटांत कळणं. मग तासभर झटापट न करता बाईला दुसऱ्या गाडीने पुढे पाठवता येतं. गाडी नंतर येते, बाई आधी. म्हणून अशा कामाला निघण्यापूर्वी वाटेवरच्या दोन भरवशाच्या गाड्यांचे नंबर कागदावर लिहून घ्या. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर मदत मिळते. धोका वाटला तर ११२. टोचन करायचं तर गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि ब्रेक चालू हवेत. ऑटोमॅटिक गाडी मात्र ट्रकवर चढवूनच न्यावी.

विम्याचं एक लक्षात ठेवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही. संपूर्ण विमा असेल तर दगड लागून फुटलेल्या चेंबरचा दावा करता येतो. पण ऑइल गळत असताना गाडी तशीच पळवली आणि इंजिन गेलं, तर ते नंतरचं नुकसान म्हणून कंपन्या सहसा नाकारतात. जागेवर फोटो काढा, दुरुस्तीच्या आधी कंपनीला कळवा.

आणि मेकॅनिक. त्याच्याशी आपलं भांडण नाही, त्याचं कौशल्य मोठं आहे. पण "गाडी बंद पडली हो" असं सांगणाऱ्या बाईशी तो एका प्रकारे बोलतो, आणि "खालून दगड लागला, ऑइल बरोबर आहे, सेल्फ फिरतोय, पंपाचा आवाज येत नाही" असं सांगणाऱ्या बाईशी दुसऱ्या प्रकारे. सोबत आलेल्या पुरुषाकडे बघून बोलणं तेव्हा थांबतं. बिलसुद्धा बदलतं, हा माझा अनुभव आहे.

माझी सूचना एवढीच. प्रत्येक संघटनेच्या गाडीत एक पिशवी असावी: टॉर्च, आरसा, दोन-तीन पाने, स्क्रू ड्रायव्हर, नळीच्या दोन क्लिपा, बांधायची तार, हातमोजे, खाली अंथरायला प्लास्टिक. आणि एकीलाच सगळं येणं पुरेसं नाही. तीच एक आजारी पडली तर? वर्षातून एक रविवार गाडीसाठी ठेवा. गाडी न चालवणाऱ्या बायांनीही यावं, टॉर्च धरणारीला काय बघायचं ते माहीत हवं.

जेवणानंतर अंगणात जीप उभी आहे. सपाट जागी लावली आहे, चाकांना दगड लावले आहेत. चौघीचौघींच्या गटाने या, पदर खोचून या. ऑइलची पट्टी, चेंबर, बॅटरीची अर्थिंग आणि इंधनाची नळी, या चार गोष्टी प्रत्येकीने स्वतः शोधायच्या. दुसरीला विचारायला हरकत नाही, पण बोट आपलं आपण ठेवायचं.